कमळ अधिक कळ

अलीगंज, लखनौ
२२ मे १९९४

ती. यमुनाअक्कास,
श्रीरंगचा साष्टांग नमस्कार.

नेत्राचा दहावीचा निकाल लागला. मार्क उत्तम आहेत, तुझ्या भाचीला शोभतील असे. पण आनंद एक दिवस टिकला. दुसऱ्या दिवसापासून घरात एकच विषय, अकरावीला काय घ्यायचं? तिच्या शाळेत मॅथ्स नाही तर बायॉलॉजी, दोन्ही एकदम मिळत नाही. मला वाटतं बायॉलॉजी घ्यावी आणि डॉक्टर व्हावं. आम्ही संस्थेत बसून औषधं शोधतो, अक्का, पण पाया पडतात ते चिठ्ठीवर औषध लिहून देणाऱ्याच्या. पद्मिनीचंही हेच मत. पोर मात्र गणितावर अडून बसली आहे. भांडत नाही, रडत नाही, नुसती जेवताना ताटात बघत राहते. ते मला जास्त जड जातं.

शेवटी मी तोडगा काढला, यमुनाआत्या म्हणेल ते. तू जन्मभर मुलींना गणित शिकवलंस. कुणाच्या डोक्यात गणित आहे आणि कुणाच्या नुसतं वहीत, हे तुला बरोबर कळतं. नेत्रा एका पायावर कबूल झाली. तू तिची काय हवी ती परीक्षा घे. तू ‘हो’ म्हणालीस तर मी मुकाट्याने फॉर्मवर सही करीन. ‘नाही’ म्हणालीस तर तीही मुकाट्याने बायॉलॉजी घेईल.

एक विनंती. पद्मिनी कानपूरची, त्यामुळे घरातला सगळा कारभार हिंदीत. नेत्राचं मराठी म्हणजे माझी रविवारची शिकवणी. पत्रांत चुका असतील, पण शुद्धलेखन काढू नकोस. मी हॉस्टेलवरून लिहिलेली पत्रं तू तांबड्या शाईने रंगवून परत पाठवायचीस, आठवतं? मी लिहिणंच सोडलं होतं. पोरीचं तसं व्हायला नको.

तुझा,
श्रीरंग

---

इस्लामपूर
३० मे १९९४

चि. नेत्रास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या बापाने मला न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवलं आहे. लहानपणी पाढे म्हटल्याशिवाय मी त्याला जेवायला वाढत नसे, त्याचा हा सूड असावा.

तुझे मार्क मला सांगू नकोस. मार्क घोकूनही मिळतात. तू मला एक कोडं रचून पाठव. बेरजेचं, पण अंकांऐवजी अक्षरांचं. शब्द मराठी हवेत. प्रत्येक अक्षराच्या मागे एक अंक लपलेला. एका अक्षराला सगळीकडे तोच अंक, आणि दोन निराळ्या अक्षरांना एकच अंक चालणार नाही. शब्दाची सुरुवात शून्याने नको. आणि मुख्य म्हणजे उत्तर एकच निघालं पाहिजे. दोन निघाली तर ते कोडं नव्हे, भेळ. उत्तर पाठवू नकोस, ते मी काढीन.

रिकाम्या हाताने लढायला लावत नाही, एक हत्यार देते. नवाचा ताळा. संख्येतले अंक मिळवत जायचे, एकच अंक उरेपर्यंत. ५३२ घे. पाच, तीन, दोन मिळून दहा, दहाचे झाले एक आणि शून्य, म्हणजे एक. आता ५३२ ला नवाने भाग, बाकी एकच उरेल. असं का होतं? दहाला नवाने भागलं तर बाकी एक, शंभराला भागलं तर एक, हजाराला भागलं तरी एकच. म्हणजे अंक एकं स्थानी बसो की शतं स्थानी, नवाच्या दरबारात त्याची किंमत तेवढीच. बेरीज बरोबर असेल तर दोन्ही बाजूंचा ताळा जुळलाच पाहिजे. नाही जुळला तर बेरीज चुकली, मग ती कुणी का केलेली असेना. अंकांचं डोकं फिरलं की त्यांना ताळ्यावर आणायचं ते असं.

घाई करू नकोस. गणितात चुकलेलं मला चालतं, न तपासलेलं चालत नाही.

तुझी,
यमुनाआत्या

---

अलीगंज, लखनौ
९ जून १९९४

पूज्य आत्या,
सादर नमस्कार.

तुमचं पत्र मिलालं. नवाचा ताला मला खूप म्हणजे खूपच आवडला! पप्पांच्या ब्रीफकेसला नंबरवाला ताला आहे ना, अगदी तसा. सगले नंबर बरोबर बसले की खटकन् खुलतो. आता मी सगल्या गोष्टींना ताला लावून बघते. स्कूटरचे नंबर, दुधाचा हिसाब, सगलं. मम्मी म्हणते, लड़की पागल हो गई.

कोडं करायला फार वेल लागला. गणितामुले नाही, मराठीमुले. इथे मराठी डिक्शनरी नाही आणि पप्पा दिवसभर ऑफिसला. जे शब्द येतात त्यातलेच घेतले. हे पाहा:

कमल + कल = कलम

कमल म्हणजे फूल, तलावात असतं ते. कल म्हणजे पोटात येते ती, जास्त कच्चे आम खाल्ले की. कलम म्हणजे झाडाचं. पप्पांनी मलिहाबादहून दशहरी आमाचं कलम आणलं होतं, आमच्या छतावर ड्रममध्ये लावलंय. म्हणजे सगले शब्द मराठी आहेत, मी पप्पांकडून एकेक पक्कं केलं, पण कशासाठी ते नाही सांगितलं.

दोन अटी आहेत. शून्य कुठेच नाही. आणि कल ही विषम संख्या आहे.

मी तपासलं आहे, आत्या. चार वेगल्या बाजूंनी तपासलं. उत्तर नाही लिहीत, तुम्ही नको म्हणालात म्हणून, पण हात खूप खाजतोय.

आणखी एक गोष्ट. पप्पांना वाटतं मी मेंढक कापायला घाबरते म्हणून बायॉलॉजी नको म्हणते. तसं नाही. शालेत बाकी सगल्या विषयांत टीचर म्हणतात म्हणून ते खरं असतं. गणितात तसं नाही. तिथे मी स्वतः करून पाहिलं की ते खरं होतं, आणि मग ते कुणी खोटं करू शकत नाही. मला ते फार छान लागतं. हे मी घरी कुणाला बोलले नाही.

तुमची,
नेत्रा

---

इस्लामपूर
१७ जून १९९४

चि. नेत्रास,
अनेक आशीर्वाद.

कोडं मिळालं. ताळ्याला ब्रीफकेसचं कुलूप करून टाकलंस ते वाचून हसू आलं. शब्दही आवडले, मुलीला पोटातल्या कळेवरून कोडं सुचावं हे मला नवीनच. सुवाच्य अक्षरात पाटीवर उतरवून घेतलं, कमळ अधिक कळ बरोबर कलम, आणि जेवणं उरकून बसले.

पोरी, उत्तर एक निघत नाही. ढिगाने निघतात. तुझ्या दोन्ही अटी पाळून.

३२१ + ३१ = ३५२
१६३ + १३ = १७६
२६३ + २३ = २८६

आणखीही आहेत, शाई कशाला घालवू? बेरीज प्रत्येकाची बरोबर, ताळा प्रत्येकाचा जुळतो. कोडं म्हणून मात्र उभं राहत नाही.

तू लिहिलंस, चार बाजूंनी तपासलं. मी आधीच सांगितलं होतं की चुकलेलं चालेल. न तपासता ‘तपासलं’ म्हणणं ही निराळी गोष्ट. पहिली चूक वयाची असते, दुसरी स्वभावाची. गणिताला स्वभाव लागतो. हुशार डॉक्टर होशील, त्यात मला शंका नाही. श्रीरंगला वेगळं कार्ड टाकलं आहे. बायॉलॉजी घ्यावी, असं त्यात लिहिलं आहे.

वाईट वाटून घेऊ नकोस असं मी म्हणणार नाही. वाटणारच. मलाही वाटलं. तुझं ते शेवटचं वाचल्यावर तुला ‘हो’ लिहावं असं मला फार वाटत होतं. पण मनात आलं म्हणून उत्तर बदलत नाही.

तुझी,
यमुनाआत्या

---

अलीगंज, लखनौ
२५ जून १९९४

पूज्य आत्या,
सादर नमस्कार.

तुमचं पत्र मिलालं. मी खोटं बोलले नाही.

तुमची उत्तरं मी तपासली. माफ करा, पण ती चूक आहेत. ३२१ मध्ये ल आहे एक. ३५२ मध्ये ल आहे पाच. एका अक्षराला सगलीकडे तोच अंक, हा तुमचाच रूल आहे ना? मला वाटलं लिहिताना चुकलं असेल, म्हणून दुसरं पाहिलं. तिथे ल एकदा तीन आणि एकदा सात. तिसऱ्यात तीन आणि आठ. तिन्ही उत्तरांत तेच.

आता मी माझं उत्तर लिहिते, तुम्ही नको म्हणालात तरी.

कमल आणि कलम, दोन्हींत तीच तीन अक्षरं आहेत, फक्त जागा बदलल्या. मग दोघांचा ताला एकच. ताला एक म्हणजे दोघांतला फरक नवाच्या पहाड्यातला. आणि फरक म्हणजेच कल! तर कल १८, २७, ३६, ४५ असा काहीतरी असला पाहिजे. एकेक लावून पाहिला. १८ घेतला तर १६८ + १८ = १८६, जमतं, पण १८ सम. २७ घेतला तर जमतं. ३६ जमतं, पण सम. ४५ विषम आहे, पण त्यात म शून्य होतो. पुढचे जमतच नाहीत. म्हणून एकच उरतं.

२४७ + २७ = २७४

यात कुठे चूक आहे ते मला दाखवा. मी रोज शोधते, मला मिलत नाही.

पप्पांना तुमचं कार्ड मिलालं. ते म्हणाले, देखो बेटा, आत्याने सांगितलं ना, अब बात खत्म. फॉर्म जुलैच्या वीस तारखेपर्यंत द्यायचा आहे. तुम्ही प्लीज परत एकदा पाहाल का? मम्मी म्हणते, बुजुर्गों की नज़र कमज़ोर हो जाती है. तुमच्या चष्म्याचा नंबर बदलला असेल का?

नेत्रा

---

इस्लामपूर
२ जुलै १९९४

चि. नेत्रास,
आशीर्वाद.

माझ्या चष्म्याचा नंबर ठीक आहे. या वयातही सुईत दोरा एका फटक्यात ओवते, हे तुझ्या मातोश्रींना सांग.

तुझं उत्तर पाहिलं आणि कपाळावर हात मारला. २४७ मध्ये शेवटी कोण आहे? ळ. त्याला दिलास सात. २७४ मध्ये मध्यभागी कोण? ल. त्यालाही सात. दोन निराळ्या अक्षरांना एकच अंक! पहिल्याच पत्रात बजावलेला नियम सरळ धाब्यावर बसवलास आणि वर मलाच विचारतेस, नियम का मोडला म्हणून. याला आमच्याकडे चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात.

कमळ आणि कलम यांच्यात ‘तीच तीन अक्षरं’ आहेत असं तू बिनदिक्कत लिहून मोकळी झालीस. ळ निराळा, ल निराळा. हे मला सांगावं लागावं? उत्तर जुळवायचं म्हणून दोन अक्षरं एकाच खुर्चीत बसवायची, याला गणित म्हणत नाहीत. याला ताळतंत्र सोडणं म्हणतात.

चुकलेली मुलगी मला चालते, गं. चूक झाकायला नवी चूक करणारी चालत नाही. माझा निकाल तोच. या विषयावर पुन्हा लिहू नकोस. बाकी काहीही लिही, मी वाट बघते.

यमुनाआत्या

---

अलीगंज, लखनौ
९ जुलै १९९४

पूज्य आत्या,
सादर नमस्कार.

तुम्ही लिहू नको म्हणालात. तरी लिहिते. तुमचं पत्र वाचून मी रडले, मग तोंड धुऊन परत वाचलं.

तुम्ही लिहिलंय, ळ निराळा, ल निराळा. हे दोन शब्द मी तुमच्या पत्रातून बघून बघून उतरवले. आत्या, ळ म्हणजे तो चष्मेवाला ल ना?

तो मला माहीत आहे. तुमच्या पत्रांत असतो, पप्पांच्या मराठी पुस्तकांत असतो. मला वाटायचं ल लिहायच्या तीन तऱ्हा आहेत. एक आमच्या शालेतला हिंदीवाला. एक मराठी पुस्तकातला, ज्याचं पोट जरा वेगलं असतं. आणि एक हा, चष्मा घातलेला, जो मोठी माणसं अक्षर सुंदर दिसावं म्हणून काढतात. अ नाही का दोन तऱ्हेने लिहितात? हिंदीच्या जुन्या पुस्तकात वेगला, नव्या पुस्तकात वेगला, पण दोन्ही अ एकच. मला वाटलं तसंच आहे. मला चष्मा नीट काढता येत नाही म्हणून मी साधा ल लिहिते. आजपर्यंत कुणी टोकलं नाही.

तो वेगला आहे? त्याचा आवाज पण वेगला आहे?

मी पप्पांना विचारलं. ते पेपर वाचत होते. म्हणाले, अरे, ळ नहीं पता? कमळ, बाळ, शाळा! मी म्हटलं, कमल, बाल, शाला. ते म्हणाले, असं नाही, नीट ऐक. परत बोलले. मला दोन्ही सारखंच ऐकू आलं. मम्मी किचनमधून आली, तिने पण ट्राय केलं, तिलाही नाही आलं आणि ती हसायला लागली. पप्पा हसले नाहीत. त्यांनी पेपर घडी करून ठेवला आणि छतावर निघून गेले. बराच वेल आलेच नाहीत. मी गेले तर कलमाला पाणी घालत उभे होते, ड्रम भरून पाणी खाली वाहत होतं.

आता मी ल आणि ळ वेगले धरून तुमची तिन्ही उत्तरं परत करून पाहिली. ती बरोबर आहेत. पण एक धरला तर माझं बरोबर आहे. आपण दोघी बरोबर, असं गणितात होतं का?

अजून एक सांगायचं आहे, तुम्ही रागवाल. फॉर्मवर मी मॅथ्स लिहिलंय. तुमचं रागाचं पत्र यायच्या आधीच लिहिलं. पप्पांनी बघितलं. सही केली नाही, फाडलाही नाही. म्हणाले, तू आत्याचं मानायचं कबूल केलं होतंस. मी म्हटलं, हो, केलं होतं. पण आत्या चुकल्या आहेत. कुठे चुकल्या ते सापडत नाही, पण २४७ बरोबर आहे. ते म्हणाले, अक्काला चूक म्हणतेस? मी म्हटलं, हो.

आता तुम्ही सांगा, मी पास की नापास? मी मानीन. पण खरं सांगा.

नेत्रा

---

इस्लामपूर
१५ जुलै १९९४

चि. नेत्रा, माझ्या बाळा,
खूप खूप आशीर्वाद.

काल दुपारी तुझं पत्र आलं आणि मी चपला अडकवून तशीच तारऑफिसात गेले. तार मिळाली असेलच. ‘नेत्रा बरोबर. मी चूक. सही कर.’ तारवाला ओळखीचा आहे, त्याने विचारलं, बाई, कुणाचा निकाल लागला? म्हटलं, माझा.

घरी येऊन पाटी स्वच्छ पुसली आणि तू लिहिलंस तसं, अगदी तसंच, एकेक ल तुझ्यासारखा काढून कोडं परत मांडलं. कमल, कल, कलम. २४७ शिवाय दुसरं उत्तर नाही. किती खटपट केली, नाही म्हणजे नाही. आणि ती पहिली पायरी, अक्षरं तीच म्हणून ताळा तोच, म्हणून फरक नवाच्या पाढ्यातला, ती मी तुला शिकवलेली नव्हती. हत्यार मी दिलं, वार तुझा तू शोधलास. दोन निराळ्या कोड्यांची दोन बरोबर उत्तरं हातात घेऊन आपण आत्या-भाची महिनाभर भांडत होतो, गं! गणितात दोघी बरोबर असतात का म्हणून विचारलंस ना? असतात. प्रश्न एकच आहे असं समजून दोघींनी वेगवेगळे सोडवले, की असतात.

तुझा निकाल असा. गणितात पैकीच्या पैकी. शुद्धलेखनात भोपळा. आणि मी तुला स्वभावावरून जे बोलले, चोराच्या बोंबा वगैरे, ते सगळं मी मागे घेते. मला लाज वाटते. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. ‘शाला’, ‘वेल’, ‘सगले’ मी तुझ्या प्रत्येक पत्रात वाचत होते आणि मनातल्या मनात दुरुस्त करून पुढे जात होते. कोडंही तसंच दुरुस्त केलं, आणि दुरुस्त करता करता मोडून टाकलं. पहिल्याच पत्राला तांबडी शाई काढली असती तर हे झालंच नसतं. पण तुझा बाप म्हणाला, शुद्धलेखन काढू नकोस. जन्मात पहिल्यांदा त्याचं ऐकलं, त्याचं हे फळ.

आता ळ. जिभेचं टोक मागे वळव, टाळूला टेकव, आणि खाली आपट. आरशासमोर कर. लगेच येणार नाही. कानाला फरक कळला की जिभेला कळतो, म्हणून आधी पुष्कळ ऐक. बापाला रोज बोलायला लाव, त्यालाही गरज आहे. शब्दाच्या सुरुवातीला हा गृहस्थ कधी येत नाही, मध्ये येतो नाही तर शेवटी. आणि आला म्हणून आता सगळीकडे ळ ठोकत सुटू नकोस.

इथून पुढचं श्रीरंगला वाचून दाखव.

रंगा, तुझ्या घरातून एक अख्खं अक्षर निघून गेलं आणि तुला पत्ता लागला नाही. छतावर जाऊन झाडाला पाणी घालून ते परत येणार नाही. तुला बोलत नाही, मीही दोषी आहे. पण हे मला लागलं, आणि तुलाही लागलं असणार, हे पोरीने लिहिलेल्यावरून दिसतं. तू मला विचारलंस, हिच्या डोक्यात गणित आहे का. अरे, माझ्यासारख्या बाईने दोनदा ‘नाही’ म्हणून ठणकावलं, तरी ही ‘उत्तर बरोबर आहे’ म्हणून उभी राहिली. आणि ज्या क्षणी ळ निराळा असल्याचं कळलं, त्या क्षणी बसून माझी उत्तरं तपासली आणि ‘तुमचीही बरोबर’ म्हणून लिहून मोकळी झाली. मी शिकवलेल्या मुलींत पहिलं करणाऱ्या होत्या, दुसरं करणाऱ्याही होत्या. दोन्ही करणारी मला आठवत नाही. तिला गणित घेऊ दे. आणि यापुढे तिच्याबद्दल मला विचारू नकोस, तिला विचार.

तुमची,
यमुनाआत्या

---

अलीगंज, लखनौ
३ ऑगस्ट १९९४

प्रिय आत्या,
सादर नमस्कार.

हे पत्र पप्पांनी तपासलंय, म्हणून ळ सगळे जागेवर आहेत. तरी एका ठिकाणी ‘चाळ’ लिहिलं होतं, ‘चाल’च्या जागी. पप्पा म्हणाले, सैनिक चाळ करून गेले म्हणजे बिल्डिंग घेऊन गेले का? मग आम्ही दोघं खूप हसलो.

तुमची तार सोळा तारखेला आली. पप्पांनी दारातच वाचली, मग मला दिली, मग मम्मीला हिंदीत सांगितली. पण आत्या, सही त्यांनी आदल्या दिवशीच केली होती. सकाळी उठले तर फॉर्म माझ्या टेबलावर, पेपरवेटखाली. मी विचारलं, तुम्ही तर आत्याच्या पत्राची वाट पाहणार होतात. ते म्हणाले, “मी आजवर अक्काला कधी ‘तू चुकलीस’ म्हणू शकलो नाही. मला ते बरोबर माहीत असायचं, तरी नाही. तू म्हणालीस.” मग ऑफिसला गेले. स्कूटर चालू होईना, बराच वेळ किक मारत होते.

आता वर्गाचं सांगते. मॅथ्सला आम्ही मुली थोड्याच आहोत, सगळ्या पहिल्या बेंचवर. सर मोठे कडक आहेत. शहरात त्यांचं फार नाव आहे, त्यांना कुणी काही विचारत नाही. परवा ते फळ्यावर एक लांबलचक गणित सोडवत होते. मध्येच एका ओळीत वजा होतं, पुढच्या ओळीत त्यांनी अधिक लिहिलं. सगळा वर्ग उतरवून घेत होता. मी आधी माझ्याच वहीत पाहिलं, मला वाटलं मीच चुकले. मग परत पाहिलं. मी चुकले नव्हते.

मी हात वर केला. सर म्हणाले, क्या है? मी म्हटलं, सर, ऊपर से तीसरी लाइन ग़लत है. मागचे मुलगे हसले. सर न बघताच म्हणाले, बैठ जाओ.

आत्या, शेजारची मुलगी माझी ओढणी खाली ओढत होती. पण मी बसले नाही. मी म्हटलं, सर, आप एक बार देख लीजिए. सर वळले, फळ्याजवळ गेले, बोट ठेवत वरून खाली तिसऱ्या ओळीपर्यंत आले, आणि त्यांनी डस्टर उचललं.

तुमची,
नेत्रा